सिंगापूर-मलेशिया कौटुंबिक पॅकेज: जळगाव-धुळ्याच्या चौकोनी कुटुंबाने घ्यावं का?

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, कुठल्याही ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर एक माहितीपत्रक हमखास सापडतं: सिंगापूर-मलेशिया, ६ रात्री ७ दिवस, मुंबई ते मुंबई. शाळकरी मुलं असलेल्या घराने हे पॅकेज घ्यावं का, आणि घेतलं तर एजंटकडून काय काय लिहून घ्यावं, हे इथे पाहू. निकाल आधीच सांगतो. सिंगापूरचा भाग उत्तम, मलेशियाचा भाग मुलांच्या वयावर अवलंबून, आणि खरी गडबड होते ती या दोन्ही देशांत नव्हे तर इकडेच. कारण पॅकेज मुंबई विमानतळावर सुरू होऊन तिथेच संपतं. मुलांना उठवून न्यायचं असतं ते मात्र घरातून, आणि घर ते विमानतळ हे चारशे किलोमीटर कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

आधी माहितीपत्रकच तपासा. त्यात जुराँग बर्ड पार्क असेल तर ते जुनं आहे. ते पार्क जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं आणि तिथले पक्षी मंडाईच्या बर्ड पॅराडाइजमध्ये गेले. सेंटोसा बेटावरचा उंच मर्लायन, म्हणजे सिंहाचं डोकं आणि माशाचं अंग असलेला पुतळा, तोही २०१९ मध्येच बंद झाला. आता मर्लायन बघायचा तो मरीना बेजवळच्या मर्लायन पार्कात, आणि तिथे तिकीट लागत नाही. ही दोन नावं आजही छापून देणाऱ्याने कार्यक्रम वर्षानुवर्षं नुसता कॉपी केलेला असतो. मग हॉटेल, बस, वेळा यांची माहितीही तितकीच शिळी असण्याची शक्यता धरून चला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि एजंट निवडायला एवढी पुरते.

दुसरा शब्द शोधायचा तो ‘फोटो स्टॉप’. क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर हे जुळे मनोरे लिहिलेले असतात, पण सोबत ‘फोटो स्टॉप’ असेल तर बस खाली थांबते आणि पंधरा-वीस मिनिटांनी निघते. वरच्या पुलावर जायचं तर वेळेचं वेगळं तिकीट लागतं, आणि सोमवारी तो पूल बंद असतो. गार्डन्स बाय द बेचंही तसंच. तिथल्या उंच झाडांचा रोषणाईचा खेळ रोज संध्याकाळी ७:४५ आणि ८:४५ ला असतो आणि तो फुकट आहे. तिकीट लागतं ते फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट या दोन काचघरांना. तुमच्या पॅकेजमध्ये काचघरं आहेत की नुसती बाग, हे प्रत्येक ठिकाणापुढे ‘प्रवेशासह’ असं लिहून घेतल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट गाडीची. एजंट ‘एसआयसी’ म्हणतात तेव्हा अर्थ असतो सीट इन कोच, म्हणजे सामायिक बस. ती पाच-सहा हॉटेलांवरून माणसं गोळा करत फिरते. तुमची वेळ आठची असेल तर पावणेआठला लॉबीत उभं राहायचं, पाच मिनिटं उशीर झाला तर बस गेली. दोन मोठ्यांना हे चालतं. सात वर्षांच्या मुलाचा नाश्ता, शौचास जाणं आणि हरवलेला मोजा या सगळ्यात ती पाच मिनिटं कुठे जातात ते प्रत्येक आईला ठाऊक आहे. विमानतळाची ने-आण आणि निदान युनिव्हर्सल स्टुडिओजचा दिवस खासगी गाडीने करून मागा. सिंगापूर शहरात तर मेट्रो उत्तम आहे. आपलं आंतरराष्ट्रीय वापर चालू केलेलं टॅप करण्याचं कार्ड थेट गेटवर चालतं. फक्त एका कार्डावर एकच माणूस जातो, म्हणून घरात दोन-तीन कार्डं लागतात किंवा मुलांसाठी तिथलं प्रवास कार्ड घ्यावं लागतं. कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या अॅपमधून घरीच चालू करा. तिकडे गेल्यावर रोमिंग नसेल तर ओटीपी येत नाही आणि सगळं अडतं.

आता वेळापत्रक. सिंगापूर आणि मलेशियाची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. बसची वेळ सकाळी ८ म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटे साडेपाच. उलट नाइट सफारी उघडते संध्याकाळी ७:१५ ला, तेव्हा मुलांच्या शरीरात पावणेपाचच वाजलेले असतात. म्हणून पहिले दोन दिवस मुलं रात्री टवटवीत आणि सकाळी चिडचिडी असतात, आणि आई-वडील उगाच रात्रीचे कार्यक्रम रद्द करतात. करायचं ते नेमकं उलटं. रात्रीचं ठेवा, सकाळचं निघणं साडेनऊच्या पुढे ढकलून मागा.

पहिला दिवस हा या पॅकेजचा सर्वांत वाईट दिवस असतो. मुंबईहून रात्रीचं विमान, साधारण साडेपाच तासांचा प्रवास, सकाळी उतरणं. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधल्या वेळात कार्यक्रमात ‘शहर दर्शन’ घातलेलं असतं. जागरण झालेली मुलं बसमध्ये झोपतात, प्रत्येक थांब्यावर त्यांना उठवून उतरवायचं, बाहेर दमट उकाडा. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ४४-४५ अंशांचं ऊन सोसणाऱ्याला सिंगापूरचे ३२ अंश किरकोळ वाटतात, पण तिथे घाम वाळतच नाही. यावर दोन उपाय: हॉटेलकडून लवकर खोली मिळण्याचं लेखी घ्या, जास्तीचे पैसे पडले तरी ते सार्थकी लागतात. नाहीतर दिवसा उडणारं विमान घ्या आणि संध्याकाळी थेट खोलीत जा.

युनिव्हर्सल स्टुडिओजला जाण्याआधी मुलांची उंची घरी भिंतीला टेकवून मोजा. ममीच्या राइडला १२२ सेंटिमीटर आणि गॅलॅक्टिकाच्या रोलर कोस्टरला १२५ सेंटिमीटर उंची लागते. दारावर पट्टी लावून मोजतात. १२० सेंटिमीटरच्या मुलाला तासभर रांगेत उभं करून परत फिरवणं फार वाईट. त्याला आधीच सांगून ठेवलं तर तो दुसऱ्या राइडची वाट बघतो. विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात, आणि दुपारचा पाऊस तिथे बारमाही. म्हणून उघडल्या उघडल्या आत शिरून उघड्यावरच्या राइड आधी उरकाव्यात, छताखालचे कार्यक्रम दुपारी.

सिंगापूर ते क्वालालंपूर हा पॅकेजमधला बसचा दिवस. अंतर साधारण ३५० किलोमीटर, पण मधे सीमा आहे. एकदा सिंगापूरमधून बाहेर पडताना उतरायचं, पुन्हा मलेशियात शिरताना सगळ्या बॅगा घेऊन उतरायचं. पाच-सहा तास धरतात, आणि शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ किंवा सिंगापूरच्या शाळांची जूनची सुटी असेल तर सीमेवरच वेळ जातो. आमचं स्पष्ट मत: धाकटं मूल आठ वर्षांच्या आतलं असेल तर मलेशिया गाळा आणि सिंगापूरमध्येच पाच रात्री राहा. मुलं दहाच्या पुढची असतील तर मलेशिया जरूर घ्या, पण दोन नव्हे तीन रात्री, आणि परतीचं विमान क्वालालंपूरहूनच. त्याच रस्त्याने परत सिंगापूरला आणणारं पॅकेज घेऊ नका, त्यात एक अख्खा दिवस जातो. क्वालालंपूरजवळच्या बाटू गुंफेच्या २७२ पायऱ्या मुलं सहज चढतात. हातातला खाऊ मात्र पिशवीत ठेवायला लावा, माकडं हिसकावतात. गेंटिंग या डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणी गारवा असतो आणि घाटाच्या वळणांनी मळमळते. स्वेटर आणि उलटीची गोळी हातातल्या बॅगेत हवी, डिकीत नको.

खोलीचा प्रश्न बुकिंगच्या आधी सोडवायचा, नंतर नाही. एजंट किंमत सांगतो ती ‘चाइल्ड विदाउट बेड’ धरून, म्हणजे मूल आई-वडिलांच्या पलंगावर झोपणार. एका खोलीत दोन मोठे आणि एक मूल, इतकंच बहुतेक हॉटेलं मानतात. दोन मुलं असतील तर जादा पलंग, कौटुंबिक खोली किंवा दुसरी खोली, यातलं काय मिळणार ते हॉटेलच्या नावासह लिहून घ्या. ‘किंवा तत्सम हॉटेल’ हे शब्द खोडून घ्या, किंवा पर्यायी दोन नावं लिहून घ्या. आणखी एक: १२ वर्षं पूर्ण झाली की विमानात आणि बहुतेक हॉटेलांत मूल मोठ्यात मोजलं जातं, आणि वय धरतात ते प्रवासाच्या दिवशीचं. बुकिंग जानेवारीत, बारावा वाढदिवस एप्रिलमध्ये आणि प्रवास मेमध्ये असेल तर दर मोठ्याचाच लागणार. एजंटला मुलांची वयं सांगू नका, जन्मतारखा द्या.

पासपोर्टबद्दल एजंट एकच वाक्य बोलतात, ‘तो काढून ठेवा’. खरं काम इथेच आहे. मुलांच्या पासपोर्टचं शुल्क १००० रुपये, आठ वर्षांच्या आतल्या मुलाच्या नव्या अर्जाला त्यात १० टक्के सूट. तत्काळला वर २००० रुपये. मुदत पाच वर्षांची किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. आणि फसगत होते ती इथेच. आई-वडिलांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, तो वैध असतो, म्हणून सगळ्यांचेच वैध आहेत असं गृहीत धरलं जातं. मुलाचा पाच वर्षांपूर्वी काढलेला पासपोर्ट मात्र संपत आलेला असतो. दोन्ही देशांना प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत लागते. मेच्या प्रवासासाठी नोव्हेंबरपर्यंत तरी मुदत हवी. आज चारही पासपोर्ट काढून शेवटची तारीख वाचा.

मुलाच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सहीचं ‘अनेक्शर डी’ हे घोषणापत्र लागतं. भेटीच्या वेळी मूल स्वतः हजर हवं, आणि आई-वडिलांचे पासपोर्ट असतील तर मूळ प्रती सोबत हव्यात. दोघांचे पासपोर्ट वैध असले आणि त्यांत जोडीदाराचं नाव असलं तर मुलाचं काम सुकर होतं. म्हणून क्रम असा: आधी आई-वडिलांचे पासपोर्ट नीट करा, मग मुलांचे. सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी टाकण्याची घाई इथे उलटी पडते. केंद्र निवडताना टपाल कार्यालयातलं जवळचं केंद्र आणि नाशिकचं मोठं पासपोर्ट सेवा केंद्र, दोन्हीकडच्या तारखा बघा. जिथे लवकरची तारीख मिळेल ते घ्या.

नावाची गंमत तर खान्देशात विशेषच जाचक. चौधरी हे आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘च’नंतर कुणी ‘ए-यू’ लावतं, कुणी ‘ओ-यू’, शेवटी कुणी ‘आय’ तर कुणी ‘वाय’. वडिलांच्या पासपोर्टवर एक, आईच्या आधारवर दुसरं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यात तिसरं. सोनवणे, पाटील, महाजन, कुठलंही आडनाव असो, जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार हे तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर मिळवा. जन्मदाखल्यात बाळाचं नावच घातलेलं नसणं, आईचं माहेरचं नाव असणं, या दोन चुका फार आढळतात. दुरुस्ती नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत होते आणि तिला वेळ लागतो. म्हणून मेच्या सहलीचं कागदपत्रांचं काम दिवाळीच्या सुटीत सुरू व्हायला हवं. विमानाच्या तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव दिलेल्या नावात जोडलेलं असेल तर तिकिटावरही ते आलं पाहिजे.

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन निघतो, मूळ शुल्क ३० सिंगापूर डॉलर माणशी, मुलांनाही वेगळा. एजंटचा सेवा आकार त्यावर किती, ते वेगळं लिहून मागा. मलेशियाने भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे आणि तिची मुदत २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. तरी ‘मलेशिया व्हिसा’ नावाची रक्कम कोटेशनमध्ये दिसली तर कशाची ते विचारा. मुलांना मामा-मामी किंवा आजी-आजोबा नेणार असतील तर आई-वडिलांचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत सोबत द्या. एकटी आई किंवा एकटे वडील जात असतील तरी दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ असलेलं बरं.

आता जळगाव ते मुंबई. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. विमानाची तिकिटं जानेवारीत घेतली तरी मेच्या गाडीचं आरक्षण मार्चमध्येच मिळणार. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा, कारण सुटीच्या गाड्या उघडल्या दिवशीच भरतात. ५ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं द्यावं लागतं. अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही, आणि रात्रीच्या गाडीत हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

रात्रीच्या विमानासाठी सकाळी मुंबईत पोहोचवणारी गाडीच घ्या. दुपारी चारला दादरला पोहोचणारी गाडी कागदावर पुरते, पण कसारा घाटात गाडी तीन तास अडकली की संपलं. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण तीन तास आधी उघडतं आणि उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. गाडी पोहोचण्याची वेळ आणि काउंटर उघडण्याची वेळ यांत निदान सहा तास ठेवा. मुलांना दिवसभर झोपायला अंधेरी-सहारकडे दिवसाची खोली घ्या. परतीचा प्रवास जूनच्या मध्यात असेल तर पावसाने घाटात गाड्या रखडतात, तेव्हा शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढू नका. धुळ्याहून रस्त्याने जाणाऱ्यांना इगतपुरीपासून समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा मिळतो. तो जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट टळतो. तिकिटावर विमानतळ कोणता ते आता नीट वाचावं लागतं. रेल्वेने येणाऱ्यांना जुना मुंबई विमानतळ असेल तर ठाणे किंवा दादर, नवी मुंबईचा असेल तर कल्याणला उतरणं सोयीचं.

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या घरांनी मात्र आधी सुरत बघावं. तिथून दुबई आणि बँकॉकला थेट विमानसेवा सुरू झालेली आहे, आणि तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरत मुंबईच्या मानाने अगदी जवळ. त्या भागात सिंगापूरऐवजी थायलंडचं पॅकेज विचारात घेणं रास्त आहे. एकच इशारा: मेमध्ये स्वस्त मिळणारं फुकेत-क्राबी घेऊ नका. त्या किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, लाल निशाणं लागतात, बोटी रद्द होतात. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. उन्हाळ्याच्या सुटीत समुद्र हवा असेल तर दुसऱ्या बाजूचं को सामुई.

जेवण या पॅकेजची जमेची बाजू. भारतीय जेवण बहुधा समाविष्ट असतं, आणि सिंगापूरच्या लिटल इंडियात शाकाहारी खाणं चालत जाण्याच्या अंतरावर. जैन जेवण असेल तर विमानाचं आणि हॉटेलचं वेगळं सांगावं लागतं. विमानात त्याचा कोड ‘व्हीजेएमएल’, आणि तो किमान २४ तास आधी तिकिटावर नोंदलेला दिसला पाहिजे. एजंटने ‘सांगितलंय’ म्हणणं पुरेसं नाही. सोबत दशम्या, खाखरा, केळीचे वेफर्स खुशाल न्या, सीलबंद असलेलं बरं. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही. सुकं खोबरं मात्र नेऊच नका, त्यात तेल असल्याने ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं आणि विमानतळावर काढून घेतात. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस असेल तर तो दुबईमार्गे किंवा दुबईला अजिबात नेऊ नये, अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात आहे. सिंगापूरसाठीही खसखस नसलेलाच मसाला बांधा. च्युइंग गमही मुलांच्या खिशातून काढून घ्या, सिंगापुरात ते आणायला मनाई आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

पैशांचं एक कलम खान्देशातल्या बागायतदारांना विशेष लागू होतं. परदेशी पॅकेजवर एजंट जीएसटीखेरीज टीसीएस, म्हणजे आयकर खात्यासाठी बिलातच आगाऊ घेतला जाणारा कर, लावतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात तो १० लाखांपर्यंत ५ टक्के होता, म्हणजे ४ लाखांच्या पॅकेजवर २०,००० रुपये. दर बदलतो, म्हणून कोटेशनच्या तारखेचा दर विचारा. ही रक्कम बुडत नाही, पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती होते किंवा परत मिळते. पण रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त, म्हणून विवरणपत्र भरलेलंच नसतं, आणि मग ते पैसे पडून राहतात. बिल घरातल्या विवरणपत्र भरणाऱ्या माणसाच्या पॅनवर करा, किंवा त्या वर्षी विवरणपत्र भरा. नुसतं विमान एकाकडून आणि नुसतं हॉटेल दुसऱ्याकडून घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही. सिंगापूर एकटं करायचं असेल तर स्वतः आखणं सोपं आणि बहुधा स्वस्तही पडतं, मलेशियाची बस जोडली की एजंट बरा.

पैसे भरल्यावर आठवड्याच्या आत पीएनआर मागा आणि विमान कंपनीच्या साइटवर चारही नावं स्वतः उघडून बघा. ग्रुप तिकिटांत नावं उशिरा चढतात, तर किती तारखेला चढणार ते लिहून घ्या. शेवटचं काम निघण्याच्या तीन दिवसांच्या आत: सिंगापूरचं आगमन कार्ड आणि मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड, प्रत्येक मुलाचं वेगळं. दोन्ही सरकारी साइटवर फुकट भरता येतात. सारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट त्याचे डॉलर मागतात, तिथे कार्ड नंबर टाकू नका. भरून झालं की चौघांची पोचपावती छापून पासपोर्टात घडी करून ठेवा, विमानतळावर उतरल्यावर फोनला नेट मिळेपर्यंत थांबावं लागत नाही.